झाकून कापलेले केस

तुरुंगाच्या दारात माणसाचं नाव काढून घेतात आणि नंबर हातात देतात. पण नंबरानं हाक मारायला कुणाची जीभ वळत नाही, म्हणून आतले लोक आपापसात नवी नावं पाडतात, आणि या कामात रिकामटेकड्यांचा हात कोण धरणार? एकाला पेंटर म्हणत, कारण बाहेर तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकाला हिरो म्हणत. का, ते त्याच्या कपाळावर रुळणारी बट पाहिली की विचारावं लागत नसे. आणि ज्याची ही गोष्ट, त्याला सगळे कारागीर म्हणत. बाहेर त्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि आत आल्यावरही त्याच्या हातात कात्रीच पडली.

माणूस अंगानं किरकोळ, आवाजानं त्याहून किरकोळ. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही, कानाच्या जरा वर बघायचा. नवख्याला वाटे, या बाबाला आपण काही आवडलो नाही. खरं तर तो मनातल्या मनात त्याचे केस कापत असे. चेहऱ्यानं माणसं त्याच्या लक्षातच राहत नसत. ‘तो दोन भोवऱ्यांचा’, ‘तो मागून चपट्या डोक्याचा’ अशी ओळख सांगायची त्याची पद्धत होती, आणि ऐकणारे हसून हसून बेजार होत.

अशा माणसाच्या हातून माणूस मेला, हे सांगूनही पटायचं नाही. एका संध्याकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाशी शब्दाला शब्द वाढला. कारण इतकं फालतू होतं की सांगायचीही लाज वाटावी. कारागिरानं त्याला ढकललं, तो मागं गेला आणि खुर्चीच्या पाय ठेवायच्या लोखंडी पायटीवर त्याचं डोकं आपटलं. मुद्दाम मारलं नाही हे न्यायालयानं मान्य केलं, तरी शिक्षा व्हायची ती झालीच. कारागिरानं ती खाली मान घालून ऐकली. उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाच्या डोक्याला ओरखडा उठू दिला नव्हता, त्याच्या हातून डोकं फुटावं, याच्यापुढे शिक्षेचं त्याला काहीच वाटलं नाही.

वाटलं ते बायकोचं. दुकान बंद ठेवून पोट भरणार नव्हतं. तिनं आठवडाभर कुलपाकडे बघितलं आणि मग कुलूप काढून स्वतःच कात्री हातात घेतली. पहिल्यांदा कोण बसणार? शेवटी गल्लीतले एक बहिरे आजोबा बसले. त्यांना वाटलं, कारागीर मागून येतोच आहे आणि ही नुसती फडकं बांधते आहे. फडकं सोडलं तेव्हा आजोबांनी आरशात बघून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “असू दे. वाढतील.” तेवढ्या शब्दांवर त्या बाईनं धंदा उभा केला.

मुलाखतीच्या दिवशी ती यायची तेव्हा जाळीच्या अलीकडे हा, पलीकडे ती, आणि दोन्ही बाजूंनी सगळे एकाच वेळी ओरडून बोलायचे. त्या गलक्यात कानामागचे केस कसे घ्यायचे ते शब्दांत सांगणं शक्यच नव्हतं. मग हा हवेत कात्री चालवून दाखवायचा आणि ती पलीकडे हवेतच कंगवा धरायची. परक्या माणसानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, दोघांना एकदमच वेड लागलं. पण असं करत करत ती शिकली.

आता आतलं सांगितलं पाहिजे. हौदाशेजारी पत्र्याची एक शेड होती, तिथं कारागिराचं दुकान मांडलेलं असे. एक म्हातारा शिपाई पत्र्याच्या पेटीतून कात्री, मशीन आणि वस्तरा काढून देई आणि काम संपेपर्यंत पालथ्या बादलीवर बसून डुलक्या काढी. या सगळ्यावर राज्य जेलरसाहेबांचं. साहेबांना टापटिपीचा भारी सोस. भिंतींचा चुना, अंगणातली रांग, सदऱ्याची बटणं, सगळं नजरेत भरलं पाहिजे. कैद्यांना त्यांनी पांढऱ्या टोप्या दिल्या होत्या. कुणी मोठं माणूस तपासणीला आलं की साहेब शिट्टी वाजवायचे, आणि सगळ्यांनी एका झटक्यात टोपी काढून छातीशी धरायची. हा सोहळा त्यांनी स्वतः बसवला होता. तो नीट वठला की साहेबांच्या मिशीखाली हसू मावत नसे.

त्या टापटिपीच्या आड जे चालायचं त्याची सगळ्यांना कल्पना होती आणि बोलायची कुणाची छाती नव्हती. दवाखान्यासाठी आलेलं दूध आणि औषधं मागच्या दारानं बाहेर जायची. तक्रार करणाऱ्याला साहेबांची दोन-तीन धटिंगण माणसं कोठीत न्यायची आणि बडवून काढायची. पाठीवरचे वळ सदऱ्याखाली जात, पण डोक्यावरच्या जखमेचं काय करायचं? ते काम कारागिराकडे आलं. साहेब पहिल्यांदा म्हणाले होते, “झाकून काप.” पुन्हा सांगायची वेळ आली नाही. इथले केस जरा लांब ठेवायचे, तिथला भांग दुसऱ्या बाजूला वळवायचा, मागून एक झुपका पुढे आणायचा. कारागीर ते इतकं बेमालूम करायचा की जखम शेजाऱ्यालाही दिसू नये. त्याला ते आवडत होतं असं नाही. पण साहेब म्हणाले, आपण केलं, यात तो स्वतःला गुंडाळून घ्यायचा. आपणही घेतोच की.

आणि साहेब त्याच्यावर खूश होते. शिक्षेत माफी मिळवायची तर जेलरची शिफारस लागते. पावसाळा सरता सरता साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, “येत्या तपासणीनंतर तुझी शिफारस धाडतो. थंडी पडायच्या आत घरी जाशील.” कारागीर त्या दिवशी दोन वेळा जेवायचं विसरला. पुढच्या मुलाखतीत बायकोला सांगितलं तर तिनं ऐकलं की नाही तेच कळेना, नुसती बघत राहिली. मग एकदम म्हणाली, “भिंतींना रंग काढायला हवा. तुम्हाला ती पोपडे आलेली भिंत आवडत नाही.” त्यानंतर ती आली की दुसरं बोलणं नाही. भिंतीला कुठला रंग काढला, त्याची जुनी खुर्ची कशी नव्यानं मढवून घेतली, त्याच्यासाठी पांढरा डगला कसा शिवून आणला. कारागीर जाळीला कान लावून ऐकायचा आणि त्याला आपल्या दुकानाचा वास यायचा.

त्याच्या आधीच पेंटरचं प्रकरण घडलं होतं. मागच्या तपासणीला ज्या न्यायाधीशबाई आल्या होत्या, त्यांनी रांगेसमोर उभं राहून विचारलं होतं, “कुणाची काही तक्रार?” जेलरसाहेब शेजारीच उभे. सगळ्यांनी मुकाट्यानं जमिनीकडे पाहिलं. पेंटर मात्र पुढे झाला. दवाखान्याच्या भिंती रंगवताना त्यानं औषधांची खोकी मागच्या दारानं टेम्पोत चढताना डोळ्यांनी पाहिली होती, ते त्यानं सांगून टाकलं. बाईंनी लगेच दवाखाना उघडून पाहिला. तपासणीचा दिवस असल्यामुळे फळ्या औषधांनी खच्चून भरलेल्या होत्या आणि दुधाचं भांडं काठोकाठ. पेंटर खोटा पडला. बाई गेल्या आणि पेंटरला कोठीत नेलं.

तो कोठीतून परत आला तो निराळाच होऊन आला. थट्टा करायची सवय तेवढी शाबूत होती, पण शब्द निसटायला लागले होते. ज्यानं जन्मभर रंग कालवले त्याला रंगांची नावं आठवेनात. एकदा बोट दाखवून म्हणाला, “अरे तो... तो रे, गाड्या थांबतात तो.” लाल म्हणायचं होतं. हिरोनं हसून त्याची नक्कल केली, आणि मग पेंटरच्या चेहऱ्याकडे बघून हिरोचंच हसू मावळलं.

तपासणीची तारीख जवळ आली तसा पेंटर केस कापायला बसला. कारागिरानं कंगवा फिरवला आणि उजव्या कानाच्या वर त्याचं बोट थांबलं. तिथं जखम होती. टाके न घालता आपली आपणच कशीबशी मिटलेली, आणि तिच्याखाली हाड आत दबलेलं. कारागिराचं बोट त्या खळग्यात बसलं आणि दुकानातली ती संध्याकाळ, ती लोखंडी पायटी, तो आवाज, सगळं त्याच्या अंगावर आलं. कात्री खाली ठेवावी लागली.

“काय झालं?” पेंटरनं विचारलं.

“काही नाही. दुखतं का?”

“पावसाळी हवा असली की ठणकतं. तू झाक बाबा नीट. पुढून एक बट आण, हिरोसारखी.” पेंटर हसला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, “माझ्यापायी तुझी माफी जायला नको. वहिनी भिंती रंगवून बसल्यात. रंग कुठला म्हणालास? तो... तो रे, आभाळाचा.”

“निळा,” कारागीर म्हणाला. ज्याचं डोकं कोठीत फोडलं होतं तोच माणूस कारागिराच्या घरच्या भिंतीची काळजी करत होता. कारागिरानं एकही केस न कापता त्याच्या गळ्याचं फडकं सोडलं. “उद्या बस,” म्हणाला, “आज हात चालत नाही.”

संध्याकाळी बराकीत बोलणं निघालं. बाई परत येणार, परत विचारणार, परत सगळे खाली बघणार. कुणीतरी म्हणालं, “सांगून काय उपयोग? पेंटरनं सांगितलं, मिळालं काय? बाई पुरावा मागतात. आपल्याकडे आहे काय दाखवायला?”

“डोकी आहेत,” कारागीर म्हणाला.

तो बोलला याचंच आधी सगळ्यांना नवल वाटलं. मग तो काय बोलला ते डोक्यात शिरलं. कारागीर जमिनीकडे बघत, अडखळत म्हणाला, “मी झाकतो म्हणून दिसत नाही. नाही झाकलं तर दिसेल. पण डोकं ज्याचं त्याचं आहे. ज्याला दाखवायचं नसेल त्यानं आत्ताच सांगा. मी त्याचं पहिल्यासारखं करून देईन.”

पेंटर म्हणाला, “आणि तुझं काय? घरी जायचंय ना तुला?”

“जायचंय,” कारागीर म्हणाला. पेंटरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

हिरोनं आपली बट चाचपली. “फक्त जखमवाल्यांचीच डोकी भादरलीस तर सरळ कळेल ना साहेबाला. सगळ्यांची भादर.” मग घाईघाईनं म्हणाला, “म्हणजे माझं सोडून. माझं कुणी फोडलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, कारागीर जेलरसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांची नुसती धांदल चालली होती. चुना ओला, गालिचा लहान, फुलदाणीला तडा. कारागीर त्यांच्या कानाच्या जरा वर बघत म्हणाला, “साहेब, बराकीत उवा झाल्यात.”

“मग?”

“नाही, म्हटलं उद्या रांगेत बाईंसमोर कुणी खराखरा डोकं खाजवलं तर...”

साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला. त्यांनी ते चित्र डोळ्यांसमोर आणलं असावं. सगळी रांग टोप्या छातीशी धरून उभी आहे आणि एकजण खाजवतो आहे. “काढून टाक!” ते ओरडले. “सगळ्यांचे काढ! एकाच्या डोक्यावर केस दिसता कामा नये!”

आता तुम्ही म्हणाल, एवढा पोचलेला माणूस, त्याच्या लक्षात कसं आलं नाही? तर त्याचं कारण असं की साहेबांनी त्या जखमा कधी पाहिल्याच नव्हत्या. मारणारे मारायचे, कारागीर झाकायचा, आणि साहेबांना दिसायची ती नीट भांग पाडलेली डोकी. केसांखाली काय आहे याचा विचार करायचं कामही त्यांनी कारागिरावर सोपवलं होतं. उवा खरंच झाल्या होत्या का, असंही तुम्ही विचाराल. तुरुंगात उवा शोधायला जावं लागत नाही, एवढंच सांगतो.

पत्र्याच्या शेडखाली त्याच सकाळपासून रांग लागली. आधी मशीन, मग साबण, मग वस्तरा. म्हातारा शिपाई नेहमीसारखा बादलीवर बसला होता. पहिलं डोकं उघडं पडलं, भोवऱ्याशेजारी लांब पांढरा व्रण. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला टाक्यांची वेडीवाकडी रांग. तिसऱ्याच्या कपाळाच्या वर खोक. शिपायाची झोप उडाली. पेंटरच्या डोक्यावरून वस्तरा फिरला आणि तो खळगा उन्हात दिसला, तेव्हा म्हातारा उठून उभाच राहिला. कारागिराचा हात थांबला. आता हा धावत जाऊन साहेबांना सांगणार, संपलं.

शिपाई पेंटरजवळ आला. वाकून बघितलं. घसा खाकरला. “थंड पाण्यानं काय भादरतोस रे त्याला,” कारागिरावर खेकसला, “झोंबेल त्याला.” आणि बादली उचलून स्वतः स्वयंपाकघरातून गरम पाणी घेऊन आला. पुन्हा पालथी घालायला बादली उरली नाही, म्हणून दिवसभर उभाच राहिला. कुणालाही काही बोलला नाही.

शेवटी कारागीर वस्तरा पुसायला लागला तेव्हा हिरो समोर येऊन बसला. रडकुंडीला आला होता. “लवकर कर,” म्हणाला, “मन बदलायच्या आत.” कारागिरानं त्याची बट आधी कात्रीनं कापून त्याच्या तळहातावर ठेवली आणि मग डोकं केलं. केस गेल्यावर हिरोचे कान भलतेच मोठे निघाले. पेंटर म्हणाला, “आता कळलं, बट का वाढवली होतीस ते,” आणि सगळी शेड हसली. हिरोसुद्धा हसला. सगळ्यांचं झाल्यावर कारागिरानं स्वतःच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला.

तपासणीच्या सकाळी अंगणात पांढऱ्या टोप्यांची रांग उभी राहिली. साहेबांनी नजर फिरवली, समाधान पावले. न्यायाधीशबाई आल्या. साध्याशा, चष्मा लावलेल्या, जरा थकलेल्या दिसत होत्या. साहेबांनी छाती फुगवून शिट्टी वाजवली. सगळ्या टोप्या एका झटक्यात खाली आल्या. इतकं छान ते आजवर कधी वठलं नव्हतं.

बाई चालता चालता थांबल्या. एका डोक्याकडे पाहिलं, मग शेजारच्या, मग पुढच्या. साहेबांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली ती गळ्यातल्या दोरीला लोंबत राहिली. प्रसंग सावरायची त्यांना सवय होती. म्हणाले, “न्हाणीघरात शेवाळ फार, बाईसाहेब. घसरून पडतात. घासून घ्यायला सांगितलंय.”

“हे कसं झालं?” बाईंनी व्रणवाल्याला विचारलं.

त्यानं साहेबांकडे पाहिलं. “पडलो.”

“आणि तुम्हाला?”

“पडलो.”

बाई पेंटरसमोर आल्या. त्याला ओळखलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. पेंटरनं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द येईना. ओठ नुसते हलत राहिले. त्याची ती धडपड कारागिराला बघवेना.

“हे केस कुणी काढले?” बाईंनी विचारलं.

कारागीर पुढे आला. टोपी दोन्ही हातांत घट्ट धरलेली.

“या जखमा काही कालच्या दिसत नाहीत. तुम्ही इथं रोज केस कापता. तुम्हाला याआधी दिसल्या नाहीत?”

आता नाही म्हणायला काहीच लागलं नसतं. शेवाळलेलं न्हाणीघर होतं, थंडीच्या आत घर होतं, निळी भिंत होती, शिवून ठेवलेला डगला होता. कारागिराला ते सगळं समोर दिसत होतं. तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी थेट डोळ्यांत बघून बोलला.

“दिसल्या, बाईसाहेब. मीच झाकायचो. असे केस कापायचो की दिसू नयेत. हे कुणी पडलेले नाहीत. यांना कोठीत नेऊन मारलंय. पेंटर दवाखान्याबद्दल बोलला म्हणून त्याला मारलं, आणि तेव्हापासून त्याला शब्द आठवत नाहीत. मला माहीत होतं. मला माफी मिळणार होती म्हणून मी गप्प होतो.”

साहेब मध्ये काही बोलायला गेले. बाईंनी नुसता हात वर केला. तेवढ्यात पहिला व्रणवाला म्हणाला, “मी पडलो नव्हतो.” त्याच्या शेजारचा म्हणाला, “मीपण नाही.” मग रांगेत जो तो बोलायला लागला, आणि हिरो, ज्याच्या डोक्यावर साधा ओरखडाही नव्हता, तोही ओरडत होता, “कुणी पडलं नव्हतं! कुणीच पडलं नव्हतं!”

बाई त्या दिवशी गालिच्यावर बसल्या नाहीत आणि चहाही घेतला नाही. बाहेरचे डॉक्टर बोलावले. एकेक डोकं तपासून घेतलं. पेंटरला मोठ्या इस्पितळात हलवलं. जाताना तो गाडीतून कारागिराकडे बघून हात हलवत होता आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण गाडी निघून गेली. पुढे चौकशी बसली, जेलरसाहेबांची उचलबांगडी झाली. आजाऱ्यांच्या दुधाला दुधाचा रंग आला. सगळंच सुधारलं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. धटिंगणांपैकी दोघं गेले, एक राहिला.

आणि शिफारस? नवे जेलर वाईट नव्हते. त्यांनी कारागिराला बसवून सांगितलं, “तू स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस की गुन्हा लपवत होतास. तुझी शिफारस मी कोणत्या तोंडानं करू?” त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. कात्रीही त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला धोबीखान्यात लावलं. तिथं एका दुपारी तो जो एक धटिंगण उरला होता, त्यानं ओल्या चादरींच्या आड गाठून जुना हिशेब चुकता केला. कारागीर कुणाला बोलला नाही. आता आणखी कशाला बोभाटा, बिचाऱ्या नव्या साहेबाला कशाला त्रास, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तो भ्यायला होता.

मुलाखतीच्या दिवशी तो जाळीपाशी आला तेव्हा डोक्यावर केसांची नुसती लव उगवली होती. बायको पलीकडे होती. तिला सगळं कळलेलं होतं. तिचा चेहराच सांगत होता. चारी बाजूंनी गलका चालला होता. त्यानं तोंडानं शब्द जुळवायचा प्रयत्न केला. “थंडीच्या आत... ते आता...”

“कळलं मला,” ती म्हणाली. “मी काय पळून चालले नाही. भिंत आहे तिथंच आहे. आधी वाका खाली.”

“कशाला?”

“वाका म्हणते ना.”

तो वाकला. तिनं जाळीच्या भोकातून एक बोट आत घातलं, जाईल तेवढं, आणि त्याच्या डोक्यावरून फिरवायला लागली. “इकडे करा. आता या बाजूनं.” तो लहान मुलासारखा मान वळवत राहिला. कितीतरी वर्षांत तिचा हात त्याला लागला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. मग डाव्या कानाच्या मागं तिचं बोट थांबलं.

“हे काय आहे?”

“न्हाणीघरात घस...” तो म्हणाला. त्यानं मान वर केली. “मारलं,” म्हणाला. “धोबीखान्यात.”

ती रडली नाही. बोट तसंच जाळीत ठेवून तिनं तोंड वळवलं आणि दारातल्या शिपायाला हाक मारली. रोज गिऱ्हाइकांना हाका मारून तयार झालेला आवाज होता तो. “अहो, साहेबांना बोलवा! माझ्या नवऱ्याचं डोकं फोडलंय कुणीतरी! त्यांनी बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही!”

खोलीतला गलका बंद पडला. जाळीच्या अलीकडचे, पलीकडचे, सगळे तिच्याकडे बघायला लागले. दाराशी तो म्हातारा शिपाई होता. तो साहेबांना बोलवायला गेला.

त्या शांततेत शेजारची एक म्हातारी आपल्या मुलाला म्हणाली, “तूपण वाक रे.” तिच्या पलीकडची बाई नवऱ्याला म्हणाली, “बघू.” मग एका बहिणीनं भावाला सांगितलं. साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे पुरुष माना खाली घालून उभे होते, आणि पलीकडून बायकांची बोटं त्यांची डोकी चाचपत होती.